जपले म्हणून रुचले

लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या प्रेक्षागृहात आजही एखादा कृष्णधवल चित्रपट लागतो, तेव्हा समोर बसलेल्यांपैकी बहुतेकांचा जन्म रंगीत पडद्याच्या जमान्यातला असतो. तरीही या आवडीला सरसकट स्मरणरंजन म्हटले जाते. जुनी माणसे जुन्या आठवणी उगाळतात आणि पुण्याला तशी हौस जरा जास्तच, असा समज आहे. पण जे कधी अनुभवलेच नाही त्याचे स्मरणरंजन कसे होणार? १९३७ सालचा चित्रपट पाहणाऱ्या विशीतल्या मुलीला त्या काळाची कसलीच आठवण नसते. तिला तो आवडतो, याचे कारण तिच्या स्वभावापेक्षा या शहराच्या इतिहासात शोधायला हवे. जुना चित्रपट आवडण्याआधी तो उरावा लागतो, नीट दाखवला जावा लागतो आणि कसा पाहावा हे कुणीतरी सांगावे लागते. पुण्यात ही तिन्ही कामे सलग तीन पिढ्यांनी केली. इथली कृष्णधवल चित्रपटांची गोडी ही त्या जपणुकीची कमाई आहे.

सुरुवात अर्थातच ‘प्रभात’पासून. १९२९ साली कोल्हापुरात व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांनी ही कंपनी काढली आणि १९३३ साली ती पुण्यात आणली. आज ज्याला प्रभात रस्ता म्हणतात, तो भाग तेव्हा गावाबाहेरचा माळ होता. इथे एक आक्षेप आधीच लक्षात घेतला पाहिजे. कृष्णधवल ही त्या काळाची निवड नव्हती, नाइलाज होता. रंग परवडले असते तर त्यांनीही रंगच वापरले असते, असे म्हणतात. ते खोटे नाही. खुद्द प्रभातने ‘सैरंध्री’ रंगीत करण्याचा घाट घातला होता आणि त्याच्या प्रती जर्मनीत तयार करून घेतल्या होत्या. रंग मनासारखे उतरले नाहीत आणि कंपनी पुन्हा काळ्या-पांढऱ्याकडे वळली. पण कलेच्या इतिहासात नाइलाजातून शैली जन्मल्याची उदाहरणे कमी नाहीत. दामले आणि फत्तेलाल बाबूराव पेंटरांच्या तालमीत तयार झालेले, पडदे रंगवण्यापासून कलादिग्दर्शनापर्यंत सगळे हाताने शिकलेले. रंग हाताशी नाही म्हटल्यावर त्यांनी उजेड, सावली, भिंतीचा पोत आणि चेहऱ्यावरची सुरकुती यांतूनच चित्र उभे केले.

‘कुंकू’ पाहा. ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा हा १९३७ सालचा चित्रपट. म्हाताऱ्या काकासाहेबांशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा त्यांना पती मानायला नकार देते. शांता आपटेंची नीरा रडत बसत नाही, ती ताठ उभी राहते. या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. घरातले आवाज, पावलांची चाहूल, घड्याळ, ग्रामोफोन एवढ्यावर सगळे निभावून नेले आहे. भिंतीवरचे जुने घड्याळ काकासाहेबांच्या सरत्या वयाची जाणीव देत राहते आणि केशवराव दात्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू शरम उमटत जाते. आदल्या वर्षीच्या ‘संत तुकाराम’मध्ये तर संताइतकीच त्याची बायको लक्षात राहते. आजारी पोराच्या काळजीने संतापलेली जिजाई हातात वहाण घेऊन थेट पांडुरंगाला जाब विचारायला देवळात शिरते. गौरीने तो प्रसंग इतका खरा केला आहे की चमत्कारांवर विश्वास नसणाऱ्या प्रेक्षकालाही त्या घरातल्या चुलीची धग जाणवते. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला, तो भाषा न कळणाऱ्या परीक्षकांकडून. जुन्या चित्रपटांत जुनी मूल्येच असणार, त्यांत आजच्या माणसाने काय पाहावे, असे विचारणाऱ्यांना नीरा आणि जिजाई या दोघी पुरेसे उत्तर देतात. नीरेचा नकार आजही अनेक घरांत उच्चारायला जड जाईल.

पण नुसते चांगले चित्रपट निघाले म्हणून गोडी टिकत नाही. पन्नाशीच्या दशकात प्रभात बंद पडली. अशा कंपन्यांचे पुढे काय होते ते मुंबई-कोल्हापुरात अनेकदा दिसले: जागा विकली जाते, यंत्रे भंगारात जातात, फिल्म कुजते. पुण्यात तसे झाले नाही, कारण १९६० साली त्याच आवारात केंद्र सरकारची फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. संग्रहालयात रुजू झालेल्या पी. के. नायर यांनी पुढची पंचवीसेक वर्षे एकच व्रत चालवले: चित्रपट चांगला की वाईट हे न बघता तो मिळवायचा आणि ठेवायचा. फाळक्यांच्या चित्रपटांचे उरलेले तुकडे त्यांनी नाशिकला फाळके कुटुंबाकडून मिळवले. इन्स्टिट्यूटमध्ये सतीश बहादूर दृश्य थांबवून, मागे नेऊन, पुन्हा दाखवून चित्रपट शिकवत. त्यातूनच उन्हाळ्यातल्या चित्रपट रसास्वाद वर्गाची प्रथा पडली आणि शिक्षक, पत्रकार, डॉक्टर, गृहिणी असे कितीतरी लोक त्या वर्गातून बाहेर पडले. संग्रहालयाच्या सोळा मिलिमीटरच्या प्रती देशभरच्या फिल्म सोसायट्यांकडे जात. कर्नाटकातल्या हेग्गोडूसारख्या खेड्यात शेतकऱ्यांनी जागतिक चित्रपट पाहिले, त्यामागे हीच यंत्रणा होती. पुण्यात ‘आशय’सारख्या मंडळांनी ही सवय नोकरी-धंद्यातल्या माणसांपर्यंत पोचवली. प्रेक्षकाची अभिरुची अशी घडवावी लागते.

जपणूक झाली नाही तर काय होते, याचा पुरावाही समोर आहे. ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट आज कुठेच उरलेला नाही. हजाराहून अधिक मूकपटांपैकी पूर्ण किंवा बऱ्यापैकी शाबूत असे हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच राहिले. फिल्ममध्ये चांदी असते, म्हणून कित्येक प्रती चांदीसाठी गाळल्या गेल्या. काही नायट्रेटच्या स्वभावानुसार आपोआप विरल्या किंवा पेटल्या. पुणेही यातून सुटले नाही. जानेवारी २००३ मध्ये इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या जुन्या नायट्रेट साठ्याला आग लागली आणि प्रभातच्या वारशाचा मोठा भाग जळाला. ज्या चित्रपटांच्या प्रती आधीच सुरक्षित फिल्मवर उतरवल्या होत्या ते आज पाहता येतात. त्या प्रती काढण्याचे कंटाळवाणे, नजरेत न भरणारे काम कुणीतरी केले होते, एवढ्यावर चित्रपटांचे असणे-नसणे ठरले.

याहून बोलका पुरावा दूरचित्रवाणीचा आहे. चिं. वि. जोशींचा चिमणराव हे अस्सल पुणेरी पात्र. १९४० साली मास्टर विनायकांनी नवयुग कंपनीसाठी ‘लग्न पहावे करून’ काढला. त्यात दामूअण्णा मालवणकर चिमणराव झाले आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. १९७२ साली मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि त्या दशकाच्या अखेरीला दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ बनून घराघरांत पोचले. तेही कृष्णधवल, तेही त्याच कथांवर आधारलेले. चाळीस वर्षे आधीचा चित्रपट आज पाहता येतो. मालिकेचे मात्र मोजकेच भाग उरले आहेत. टेप महाग असे, म्हणून जुने पुसून त्यावर नवे चित्रित केले जाई. हे फक्त आपल्याकडेच घडले असे नाही, बीबीसीनेही साठीच्या दशकातल्या आपल्या अनेक विनोदी मालिका अशाच पुसल्या. उलट अमेरिकेतली ‘आय लव्ह लूसी’ १९५१ पासून पस्तीस मिलिमीटर फिल्मवर चित्रित झाली, छायालेखक होते ‘मेट्रोपोलिस’वर काम केलेले कार्ल फ्रॉइंड. ती आजही चोख दिसते आणि नव्या पिढ्या तिच्यावर हसतात. लूसी चिमणरावापेक्षा थोर होती म्हणून ती टिकली असे कोण म्हणेल? तिला फिल्म मिळाली, आपल्या चिमणरावाला पुसली जाणारी टेप. उद्याच्या पुणेकर मुलांनी ही मालिका पाहिली नाही, तर दोष त्यांच्या आवडीला देता येणार नाही.

आता सगळे इंटरनेटवर मिळते, मग संग्रहालयाची काय गरज, असा शेवटचा आक्षेप उरतो. इंटरनेटवर पुष्कळ मिळते, त्याचा उपयोगही मोठा आहे. लहान गावातल्या मुलाला तो एकमेव दरवाजा असू शकतो. पण तिथे दिसणारी प्रत कुठल्यातरी फिल्मवरूनच उतरलेली असते. मूळ प्रत खराब झाली, रिळे गहाळ झाली, की प्रेक्षकापर्यंत तेच अपुरे रूप पोचते. कृष्णधवल चित्रात तर करड्या रंगाच्या छटा हेच सर्वस्व. निकृष्ट प्रतीत सावलीतला चेहरा नुसता काळा डाग होतो आणि पाहणाऱ्याला वाटते की जुने चित्रपट असेच अंधुक असायचे. ‘जुना चित्रपट कंटाळवाणा वाटतो’ या तक्रारीमागे बऱ्याचदा वाईट प्रत आणि तिचा खरखरता आवाज असतो. चांगली प्रत मोठ्या पडद्यावर लावली की तक्रार पुष्कळशी मावळते. संथ गतीची सवय व्हायला वेळ लागतो हे खरे, पण बडा ख्यालाची सवय तरी पहिल्या बैठकीत कुठे होते?

म्हणून जुन्या चित्रपटांची आवड टिकवायची असेल तर तरुणांना दोष देण्यात आणि जुन्याचे गोडवे गाण्यात वेळ घालवू नये. पैसा आणि मनुष्यबळ लागते ते प्रती स्वच्छ करायला, त्यांचे डिजिटल रूपांतर करायला, ते शाळा-महाविद्यालयांत दाखवायला आणि दाखवताना सोबत बोलायला. मराठी दूरचित्रवाणीच्या बाबतीत तर हे काम जेमतेम सुरू झाले आहे. दूरदर्शनच्या उरलेल्या टेप, कलाकारांच्या आणि तंत्रज्ञांच्या घरी पडलेल्या व्हीएचएस कॅसेट, नाटकांची चित्रणे यांची नोंद करून त्या एका जागी आणायला हव्यात, कारण चुंबकीय टेप फिल्मपेक्षा लवकर मरते. नायरांनी चित्रपटांसाठी जे केले ते मालिकांसाठी करणारी माणसे आणि संस्था या शहरात आजही उभ्या राहू शकतात. जागा आहे, अनुभव आहे, प्रेक्षक तर तयारच आहे. हे काम आता हाती घेतले तरच पुढची पिढी चिमणरावावर हसेल की नाही, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्याला राहील.