झेरॉक्सच्या दुकानापासून मुक्त पुस्तकापर्यंत



मुलीच्या कॉलेजसाठी बचत गटातून कर्ज घेताना आपण फी मोजतो, एसटीचा पास मोजतो, मेसचे पैसे मोजतो. पुस्तकांचा खर्च मात्र मागाहून येतो. प्राध्यापक यादी देतात. मुलगी कधी घरी सांगते, तर कधी सांगतच नाही आणि मैत्रिणीच्या पुस्तकाचं झेरॉक्स काढून भागवते. आज या झेरॉक्सची आणि त्याच्या पुढच्या वाटेची गोष्ट ऐकूया.

दिल्ली विद्यापीठाच्या आवारात रामेश्वरी नावाचं झेरॉक्सचं दुकान होतं. प्राध्यापकांनी नेमलेली निरनिराळ्या पुस्तकांतली प्रकरणं तिथे एकत्र बांधून मिळायची. 2012 साली ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दुकानावर आणि विद्यापीठावर दावा लावला. 16 सप्टेंबर 2016 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने तो फेटाळला. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात शिकवण्याच्या कामासाठी सवलत आहे, हा त्या निकालाचा आधार होता. पुढे अपील झालं, पण मार्च 2017 मध्ये प्रकाशकांनीच दावा मागे घेतला.

विद्यार्थ्यांना दिलासा मिळाला. तरी मूळ पुस्तक महाग ते महागच राहिलं. त्याचं मराठी करायचं तर प्रकाशकाची परवानगी हवीच.

त्याच 2012 साली अमेरिकेत दुसरी वाट तयार होत होती. तिची सुरुवात आधीच झाली होती. एप्रिल 2001 मध्ये एमआयटी या नामांकित संस्थेने जाहीर केलं, की आमच्या वर्गातलं शिकवण्याचं साहित्य आम्ही इंटरनेटवर सर्वांना मोफत देऊ. 2002 च्या जुलैत पॅरिसला युनेस्कोची बैठक झाली आणि अशा साहित्याला 'मुक्त शैक्षणिक साहित्य' हे नाव मिळालं. त्याच वर्षी डिसेंबरात क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने आले. लेखकाचं नाव द्या आणि मग हे वापरा, वाटा, बदला, असं लेखकच आधी लिहून देऊ लागला.

'मोफत' आणि 'मुक्त' यांतला फरक आपल्याला चटकन कळेल. शेजारणीने जेवायला वाढलं, तर त्या वेळेची भूक भागते. तिने घरचं बियाणं दिलं, तर आपण पेरतो, राखतो आणि पुढच्या बाईला देतो. मुक्त पुस्तक हे बियाण्यासारखं असतं.

पण बियाणं पेरणारं कुणी तरी हवं. कॉलेजात हे काम प्राध्यापकाचं. पुस्तक त्यांनी विषयाला लावलं, तरच मुलांचे पैसे वाचतात. म्हणून राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्सने 2012 पासून अभ्यासक्रमाला सरळ लावता येतील अशी पूर्ण पुस्तकं काढली. पहिल्या पुस्तकांत भौतिकशास्त्र आणि समाजशास्त्र होतं. जॉर्जिया विद्यापीठाने ही पुस्तकं लावली आणि 21 हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचे निकाल तपासले. तो अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. गुण सगळ्यांचेच सुधारले, पण सरकारी मदतीवर शिकणाऱ्या गरीब मुलांचे अधिक सुधारले. नापास होणारे आणि विषय मध्येच सोडणारे कमी झाले. पहिल्या दिवसापासून पुस्तक हातात असलं, की किती फरक पडतो ते यावरून दिसतं.

आपल्याकडेही कामं झाली. 2003 मध्ये सात आयआयटी आणि बंगळूरच्या विज्ञान संस्थेने मिळून एनपीटीईएल सुरू केलं. त्यातून अभियांत्रिकीची व्याख्यानं सगळ्यांसाठी खुली झाली. 2017 मध्ये केंद्र सरकारचं 'स्वयम्' आलं. 2019 मध्ये युनेस्कोने सदस्य देशांना मुक्त साहित्य वाढवण्याची शिफारस केली.

अडचण भाषेची आहे. गावातली मुलगी बारावीपर्यंत मराठीतून शिकते आणि पदवीला इंग्रजी पुस्तकासमोर अडते. मग परीक्षेपुरतं गाइड घेते. ओपनस्टॅक्सची पुस्तकं स्पॅनिशमध्ये आणि पोलिशमध्ये गेली, कारण परवान्यातच भाषांतराची मुभा होती. तीच मुभा मराठीलाही आहे. आपल्या कॉलेजमधल्या प्राध्यापकांनी एकेक प्रकरण वाटून घेतलं, आपल्या शेतीची, आपल्या बाजाराची उदाहरणं त्यात घातली, तर कुणाची परवानगी मागायला नको.

मैत्रिणींनो, पालकसभेला आपण जातो तेव्हा हजेरी आणि फी यांच्यावर बोलतो. यंदा आणखी एक प्रश्न विचारा: "सर, मॅडम, या विषयाला एखादं मुक्त पुस्तक लावता येईल का? आणि त्याची छापील प्रत ग्रंथालयात ठेवाल का?" मोबाइल घरात एकच असतो आणि तो बहुतेक वेळा दादाच्या हातात असतो. म्हणून छापील प्रतीचा आग्रह जरूर धरा. परवाना मुक्त असला, की ती छापून घ्यायला अडसर नाही.

एका यादीतलं एक पुस्तक बदललं, तरी त्या वर्गातल्या प्रत्येक मुलीचा तेवढा खर्च वाचतो, आणि पुढच्या वर्षीच्या मुलींचाही.