दामुअण्णा मालवणकर : रंगमंचावरून रुपेरी पडद्यावर

संगीत रंगभूमीच्या इतिहासांत नायकाच्या तानांना मानाचें पान मिळतें. दोन पदांच्या मध्यें प्रेक्षकांना हंसवून ताजेतवाने ठेवणाऱ्या विनोदी नटाची आठवण मात्र क्वचितच होते. दामुअण्णा मालवणकर (1893–1975) हे असेच एक नट. 1918 सालीं दीनानाथ मंगेशकर, चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे यांनीं स्थापिलेल्या बळवंत संगीत मंडळींत त्यांच्या विनोदी भूमिका गाजल्या.

1932 सालीं 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट आला आणि नाटक मंडळ्यांचा प्रेक्षक हळूहळू चित्रगृहाकडे वळला. 'बळवंत'नें 1934 मध्यें 'कृष्णार्जुन युद्ध' हा बोलपट स्वतःच काढून पाहिला. परंतु मंडळी सांवरली नाहीं. गायक नटाला निदान मैफलीचा आधार होता. विनोदी नटाचें भांडवल म्हणजे समोरचा प्रेक्षक. हंशा ओसरेपर्यंत थांबावें व मग पुढचें वाक्य टाकावें, ही त्याची विद्या. कॅमेऱ्यापुढें तर कोणीच हंसत नाहीं!

दामुअण्णांनीं ही विद्या नव्यानें घडविली. त्यांचा एक डोळा तिरळा होता. नाटकगृहांत ही गोष्ट पुढच्या रांगांनाच नीट दिसे. पडद्यावर ती शेवटच्या बांकापर्यंत पोहोंचली. केवळ व्यंगावर हंसें मिळविणें सोपें होतें. परंतु 'ब्रह्मचारी' (1938) नंतर अत्र्यांच्या लेखणींतून आलेल्या 'ब्रँडीची बाटली'मधील (1939) बगारामाकडे पाहतांना प्रेक्षक हंसले ते एका भोळ्या कारकुनाच्या फजितीला. मुंबईंत दारूबंदी सुरू झाली तेंही हेंच साल. त्यामुळें ब्रँडीसाठीं वणवण हिंडणाऱ्या या सज्जनाची गंमत अधिकच खुलली.

1940 सालीं मास्टर विनायकांच्या 'लग्न पहावें करून'मध्यें ते चिं. वि. जोशींचे चिमणराव झाले. गुंड्याभाऊ होते विष्णुपंत जोग. 1942 मध्यें 'सरकारी पाहुणे'मध्यें ही जोडी पुन्हां दिसली. पुढें दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकरांनीं चिमणराव घरोघरीं पोहोंचविले. पण कागदावरच्या त्या मध्यमवर्गीय गृहस्थाला पडद्यावर पहिला चेहरा दिला तो दामुअण्णांनीं.

मंडळ्या बुडाल्या, पडदे फाटले, हिशेबाच्या वह्या वाळवीनें खाल्ल्या. त्या पिढीची कला बव्हंशीं ऐकीव राहिली. नायकांच्या ताना ध्वनिमुद्रिकांत थोड्या तरी उरल्या. विनोदी नटाची मुद्रा ध्वनिमुद्रिकेंत कशी मावणार? ज्या बोलपटानें दामुअण्णांची नाटक मंडळी मोडली, त्यानेंच त्यांची मुद्रा जतन केली.