गडकरी, घाणेकर आणि छोटा पडदा

माजिवड्याहून घोडबंदर रस्त्याने निघाले की मानपाड्याला डॉ. काशीनाथ घाणेकर नाट्यगृह लागते. उलट दिशेला, मासुंदा तलावाकाठी, १९७८ साली उभे राहिलेले राम गणेश गडकरी रंगायतन आहे. या दोन नावांच्या दरम्यान मराठी रंगभूमीवरील संभाजीराजांचा बराचसा इतिहास सामावला आहे.

गडकऱ्यांचे ‘राजसंन्यास’ त्यांच्या १९१९ मधील निधनामुळे अपुरे राहिले. त्यातील संभाजी बखरींच्या परंपरेतला, विलासात बुडालेला आणि अखेर पश्चात्तापाने पोळलेला आहे. वा. सी. बेंद्रे यांच्या १९६० च्या चरित्राने या प्रतिमेला साधार छेद दिला. दोनच वर्षांनी वसंत कानेटकरांचे ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ रंगमंचावर आले आणि त्यातील घाणेकरांचा संभाजी एका पिढीच्या मनात ठसला.

कानेटकरांनी राज्याच्या इतिहासातून एका घराची शोकांतिका घडवली. डिसेंबर १६७८ मध्ये युवराजांचे दिलेरखानाकडे जाणे आणि ३ एप्रिल १६८० रोजी महाराजांचे निधन या घटनांचे सावट नाटकावर आहे. पण रणांगण पडद्याआडच राहते. प्रेक्षकांसमोर उरतात ते पिता, पुत्र आणि सावत्र आई.

दूरचित्रवाणीचा ओढा याच्या उलट आहे. २०१७ ते २०२० या काळात झी मराठीवर प्रसारित झालेली ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ ही मालिका या नाटकाचे रूपांतर नव्हे. परंतु तोच जीवनपट हाताळताना हे माध्यम काय करते, ते तिच्यात दिसते. रंगमंचावर जे नुसते कळते, ते येथे दाखवले जाते. दुखावलेल्या पुत्राची जागा झुंजणारा राजा घेतो.

हा केवळ तंत्राचा प्रश्न नाही. ‘राजसंन्यास’मधील चित्रणावरून जानेवारी २०१७ मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातील गडकऱ्यांचा पुतळा उखडून नदीत टाकण्यात आला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये ही मालिका सुरू झाली. अशा वातावरणात अभिजात ऐतिहासिक नाटक पडद्यावर आणणाऱ्याला दोन मोह होतात : जुनी प्रतिमा तशीच उचलण्याचा, किंवा नायकाचे सारे अंतर्द्वंद्व पुसून टाकण्याचा. पहिल्याने इतिहासावर अन्याय होतो, दुसऱ्याने नाटकावर.

कानेटकरांच्या नाटकाचे रूपांतर करायचे झाल्यास कॅमेऱ्याने महालाचा उंबरठा ओलांडू नये. समीपदृश्याचे सामर्थ्य दूरचित्रवाणीपाशी आहेच. ते घोडदळावर खर्ची घालण्याऐवजी बापलेकांच्या चेहऱ्यांसाठी राखले, तर १९६२ चे हे नाटक मूळ धग न गमावता नव्या प्रेक्षकापर्यंत पोहोचेल.