पाना, हवा आणि बॅटरी: घट्ट नट खोलण्याचा इतिहास (आणि मग कोणती गन घ्यायची?)

मागच्या एपिसोडनंतर एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. मानखुर्दचा मुलगा आहे. दुचाकी आणि रिक्षाचं काम करतो, हल्ली छोट्या गाड्याही घ्यायला लागलाय. स्वतःचा गाळा नाही, म्हणजे कंप्रेसर ठेवायला जागाही नाही. त्याला बॅटरीवर चालणारी छोटी इम्पॅक्ट गन घ्यायची आहे आणि त्यात महिन्याभराची कमाई जाणार आहे. इतिहासाच्या पॉडकास्टवर असलं काही विचारतोय म्हणून आधी सॉरी म्हणाला. अरे, सॉरी कशाला? बॉक्सवर छापलेले आकडे कुठून आले ते कळल्याशिवाय ते वाचता येत नाहीत. त्यामुळे प्रश्न आपलाच आहे.

मानखुर्दपासूनच सुरू करू. ठाणे खाडीवरचा पहिला पूल १९७३ चा, दुसरा १९९७ चा, आणि मधे १९९२ साली लोकल वाशीपर्यंत गेली. १ जुलै २०१७ ला जीएसटी येईपर्यंत इथे महापालिकेचा जकात नाका होता. नाका म्हणजे ट्रकची रांग, आणि ट्रक थांबला की टायरवाला आलाच. या रस्त्यावर नट खोलायची जुनी पद्धत तुम्ही पाहिली असेल. व्हील पान्याच्या दांड्यावर चार फुटी लोखंडी पाइप चढवायचा आणि क्लीनरने त्यावर उभं राहायचं. नटाने नाही ऐकलं तर वर उड्या मारायच्या.

याचा हिशेब करून बघा, मजा येईल. पिळण्याचा जोर म्हणजे टॉर्क, आणि तो येतो वजन आणि दांड्याची लांबी यांच्या गुणाकारातून. सत्तर किलोचा माणूस चार फुटांच्या टोकावर उभा राहिला की ८०० न्यूटन-मीटरच्या वर जोर लागतो. ट्रकच्या चाकाचा नट साधारण साडेपाचशे-सहाशेला आवळायचा असतो. आता तोच माणूस एक फुटी पान्यावर उभा राहून छोटी गाडी आवळतोय असं धरा. तरी जोर २०० च्या आसपास जातो, आणि आल्टोसारख्या गाडीच्या चाकाला हवे असतात सुमारे ८५. म्हणजे पंक्चर काढणाऱ्याने प्रेमाने 'एकदम टाइट' केलेला नट दुपटीपेक्षा जास्त आवळलेला असतो. स्टड ताणला जातो, आटे बसतात, आणि पुढच्या वेळी तो नट खोलणाऱ्या बिचाऱ्याचा घाम निघतो. तो बिचारा म्हणजे आपला श्रोता.

गंमत अशी, की आवळण्याचं माप आधी आलं आणि मशीन नंतर. न्यूयॉर्कच्या पाणी खात्यात काम करणाऱ्या कॉनराड बार यांना १९१८ च्या सुमारास टॉर्क मोजणारा पाना सुचला, असं सांगतात. पाइपांच्या जोडावरचे बोल्ट कोणी कमी आवळायचे, कोणी जास्त, आणि मग जोड गळायचे. इम्पॅक्ट रेंच बाजारात आला तो १९३० च्या दशकात, अमेरिकेतल्या इंगरसॉल-रँडसारख्या कंपन्यांकडून. तो हवेवर चालायचा. दाबलेल्या हवेची अवजारं त्याआधीपासून होतीच. १८६० च्या दशकात आल्प्सखालचा रेल्वे बोगदा खोदताना हवेवर चालणारी ड्रिलं वापरली होती.

आता आतली गोष्ट, कारण निवड इथेच ठरते. साधी ड्रिल मशीन नटाला लावली आणि नट हलला नाही, तर मशीन उलटी फिरते आणि तुमचं मनगट पिरगळते. इम्पॅक्ट गनमध्ये मोटर नटाला थेट पिळतच नाही. ती आतला एक जड हातोडा फिरवते. नट अडला की हातोडा स्प्रिंग दाबत मागे सरकतो, सुटतो आणि पुढच्या तुकड्यावर आदळतो. असे मिनिटाला दोन-तीन हजार ठोके. खिळा अंगठ्याने दाबून आत जात नाही, पण छोट्या हातोडीने जातो ना, तसंच हे. ठोक्याचा जोर नटावर, आणि तुमच्या हाताला फक्त थरथर. म्हणूनच हाताएवढी गन माणसाच्या वजनाएवढं काम करते.

आपल्याकडेही हवेची अवजारं मोठ्या कारखान्यांत आली. पुण्यात हडपसरला किर्लोस्कर न्यूमॅटिक १९५८ साली सुरू झाली, कंप्रेसर बनवायला. पण हवेच्या गनला मागे नळी, नळीला कंप्रेसर, कंप्रेसरला वीज आणि जागा. थोडक्यात, गाळा हवा. गाडी मेकॅनिककडे यायची, मेकॅनिक गाडीकडे जाऊ शकत नव्हता. पुलावर मधोमध बंद पडलेल्या गाडीसाठी शेवटी पाइप आणि उड्याच.

ही नळी तुटायला बॅटरी लागली. ब्लॅक अँड डेकरने १९६१ मध्ये वायर नसलेली ड्रिल आणली. नासाने कॉर्डलेस अवजारं शोधली असं व्हॉट्सअॅपवर फिरतं, ते खरं नाही. ड्रिल आधीच होती. पुढे जेमिनी मोहिमांसाठी याच कंपनीने एक खास रेंच बनवला, कारण अंतराळात बोल्ट फिरवायला गेलं तर बोल्ट जागेवर राहून अंतराळवीरच फिरेल! मानखुर्दमध्ये गाडीखाली पाठीवर झोपून काम करणाऱ्याचा प्रॉब्लेम तोच आहे, फक्त त्याला गुरुत्वाकर्षण थोडी मदत करतं.

पुढची बरीच वर्षं निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्या होत्या. जड आणि लवकर दमणाऱ्या. १९९१ मध्ये सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली, कॅमेऱ्यासाठी. अवजारांत ती शिरायला २००५ उजाडलं. मग ब्रश नसलेल्या मोटरी आल्या आणि गन छोटी झाली. आज तुमच्या फोनमध्ये आणि त्या गनमध्ये एकाच घराण्याची बॅटरी आहे.

तर मित्रा, आता तुझं उत्तर. नळी गेली, पण नवी दोरी आली, ती बॅटरीची. एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या गनला सहसा बसत नाही. त्यामुळे पहिली गन घेताना तू खरं तर पुढची ग्राइंडर, ड्रिल आणि ब्लोअरही निवडतोयस. मी असतो तर आधी बघितलं असतं की सर्व्हिस सेंटर मानखुर्दहून लोकलने जाण्यासारखं आहे का, आणि सुटी बॅटरी सहज मिळते का. नागदेवी स्ट्रीटवर जाऊन हातात धरून बघ, ऑनलाइन फोटोवर जाऊ नकोस.

आकड्यांचं सांगतो. स्वस्त गनवर ४८, ८८, कधी १२८ व्होल्टसारखं काहीतरी छापलेलं असतं. आतले सेल मोज. पाच सेल एका ओळीत असतील तर चालताना १८ आणि फुल चार्जला २१ व्होल्ट, बस्स. म्हणून '१८' वाली आणि '२१' वाली बहुतेक वेळा सारखीच. टॉर्कचे दोन आकडे असतात, आवळण्याचा आणि खोलण्याचा. मोठ्या अक्षरात छापतात तो खोलण्याचा, आणि तोही नव्या बॅटरीवरचा.

दुचाकी, रिक्षा आणि छोटी गाडी यांना खरोखर खोलता येणारे अडीचशे-तीनशे भरपूर झाले. हजारवाली गन ट्रकची. ती दिवसभर उचलून मनगट दुखेल, आणि दुचाकीचा छोटा बोल्ट एका सेकंदात तुटेल. वेगाच्या दोन-तीन पायऱ्या असलेली घे. पुढचा चौकोन अर्धा इंचाचा असू दे, कारण गाडीच्या गोट्या त्याच मिळतात. (१९५६ च्या कायद्याने देश मेट्रिक झाला, गोट्या मिलिमीटरमध्ये आल्या, पण मागचा चौकोन अजून इंचातच. ब्रिटिश गेले, चौकोन राहिला.) गोट्या मात्र काळ्या, इम्पॅक्टच्याच. चकचकीत क्रोमची गोटी ठोक्याने फुटून तुकडा डोळ्यात जाऊ शकतो. लांब एक्स्टेन्शन लावलंस तर ठोका मधेच मुरतो, आणि मग गन कमजोर आहे असं वाटत राहतं.

पैसे उरले तर दुसरी बॅटरी नंतर घे, टॉर्क पाना आधी. नट हाताने दोन-तीन आटे चढव, गनने हलकेच टेकव, आणि शेवटचे ८५ पान्याने मोजून. पन्नासेक किलोमीटर गाडी चालवून परत ये, पुन्हा तपासून देतो, असं गिऱ्हाइकाला सांग. त्याचे पैसे घेऊ नकोस.