ऋण, नक्कल आणि एक सही

शाळेत असताना मी इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळाचं एक चित्र खिडकीच्या काचेवर धरून कागदावर उतरवलं, रंगवलं आणि खाली ऐटीत स्वतःची सही ठोकली. घरात कौतुक झालं. मूळ चित्र कोणाचं, हे कुणी विचारलं नाही. मलाही ठाऊक नव्हतं. १९६१ पासून तीन दशकांहून अधिक काळ वेताळ रेखाटणाऱ्या साय बॅरीचं नाव मला कळलं, ते पुढे वीसेक वर्षांनी. तेव्हापासून एक प्रश्न मनात घर करून आहे : मानवंदना कुठे संपते आणि उचलेगिरी कुठे सुरू होते?

या प्रश्नाचं सर्वांत गाजलेलं उदाहरण लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. रॉय लिख्टनस्टाइनचं ‘व्हॅम!’ हे १९६३ सालचं चित्र टेटने १९६६ मध्ये विकत घेतलं. सुमारे चार मीटर रुंद. डावीकडच्या कॅनव्हासवर अग्निबाण सोडणारं लढाऊ विमान, उजवीकडच्यावर शत्रूच्या विमानाचा भडका. त्याचं मूळ १९६२ च्या ‘ऑल-अमेरिकन मेन ऑफ वॉर’ या कॉमिकच्या ८९ व्या अंकातल्या एका चौकटीत आहे. ती रेखाटली अर्व्ह नोविकने. मूळ चौकट हाताच्या पंजात मावेल एवढी.

लिख्टनस्टाइनची बाजूही मांडली पाहिजे. त्याने एकाहून अधिक कॉमिक चित्रांचा मेळ घातला, विमान आणि स्फोट दोन कॅनव्हासांवर विभागले, छपाईचे ठिपके मुद्दाम ठळक केले. स्वस्त छापील चित्राकडे थांबून पाहायला त्याने जगाला भाग पाडलं. हे काम नुसत्या नकलाकाराचं नव्हे. पण चित्राच्या शीर्षकात नोविक नाही, आणि प्रेक्षकाच्या आठवणीतही नाही.

याला पन्नास वर्षांनी उत्तर मिळालं. टेट मॉडर्नमध्ये लिख्टनस्टाइनचं मोठं प्रदर्शन चालू असतानाच, २०१३ मध्ये, लंडनच्या ऑर्बिटल कॉमिक्स या दुकानाच्या दालनात कॉमिक चित्रकारांनी आपलं प्रदर्शन भरवलं. ‘वॉचमेन’चा चित्रकार डेव्ह गिबन्स याने त्यासाठी तेच विमान पुन्हा काढलं. नाव दिलं ‘व्हॉट?’ आणि कंसात लिहिलं : ‘आफ्टर नोविक’, म्हणजे नोविकला अनुसरून. सगळा फरक त्या दोन शब्दांत आहे.

दोन शब्दांनी काय होतं, असं वाटेल. जो शुस्टरला विचारायला हवं होतं. १९३८ च्या ‘ॲक्शन कॉमिक्स’ अंक १ वरचं त्याचं मुखपृष्ठ, हिरवी मोटार डोक्यावर उचललेला सुपरमॅन, आजवर असंख्य चित्रकारांनी आदराने पुन्हा काढलं आहे. पण शुस्टर आणि लेखक जेरी सीगल यांनी सुपरमॅनचे हक्क १३० डॉलरला विकले होते, आणि पुढे कितीतरी वर्षं त्यांची नावंही कथांवर छापली जात नव्हती. १९७५ च्या तडजोडीत वार्षिक वेतनाबरोबर नावंही परत मिळाली. पैशाइतकंच नावासाठीही ते भांडले होते.

आपल्याकडे गवई गुरूचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतो. बंदिश गुरूची असते, गळा आपला. त्या एका हालचालीने गाणं उणं होत नाही, उलट त्यामागची परंपरा ऐकणाऱ्याला दिसते. मानवंदनेची माझी व्याख्या एवढीच : कानाला हात लावून केलेली नवनिर्मिती.

तो वेताळ अजून माझ्या फायलीत आहे. मागच्या वर्षी माझ्या सहीच्या वर मी बारीक अक्षरांत लिहिलं : साय बॅरीला अनुसरून.