हजेरीपटावरची आडनावे

पैठणला राहणाऱ्या माणसाला पैठणात सहसा कोणी पैठणकर म्हणत नाही. तो जालन्याला किंवा पुण्याला जाऊन राहिला, की तिथले लोक ‘तो पैठणचा’ म्हणू लागतात आणि पुढे नातवंडांपर्यंत तेच आडनाव होऊन बसते. वेरूळकर, कन्नडकर, अंबडकर, नांदेडकर ही आडनावे बहुधा अशीच पडली. म्हणजे ‘कर’ लागलेले आडनाव आपण राहतो त्या गावाचे नसते, पूर्वजांनी सोडलेल्या गावाचे असते. शिवाय ते आपण घेतलेले नसते, शेजाऱ्यांनी दिलेले असते.

आपल्या हजेरीपटावरचा दुसरा मोठा गट कामावरून पडलेल्या आडनावांचा. गावाचा कारभार पाटलाकडे, गावाचे हिशेब कुलकर्ण्याकडे. अनेक गावांच्या परगण्याचा कारभार देशमुखाकडे आणि परगण्याचे दप्तर देशपांड्याकडे. नाणी पारखणारा तो पोतदार. फारसीत ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा. चिटणीस, फडणीस, पारसनीस यांच्या शेवटचा ‘नीस’ तोच. पारसनीस दरबारचा फारसी पत्रव्यवहार पाहत असे. मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी म्हणून वसवलेल्या आपल्या शहराने निजामशाही, मोगलाई आणि 1948 पर्यंत हैदराबादच्या निजामाचा अंमल पाहिला, त्यामुळे हे शब्द आपल्याला परके वाटतच नाहीत. देशमुख, इनामदार, जहागीरदार ही आडनावे हिंदूंतही आहेत आणि मुसलमानांतही, कारण वतन आणि इनाम दोघांकडेही होते. हैदराबाद संस्थानातल्या जहागिरी 1949 मध्ये रद्द झाल्या. जहागिरी गेल्या, आडनावे राहिली!

तिसरा गट टोपणनावांचा. काळे, गोरे, टकले, गोडबोले. कुणाच्या तरी खापरपणजोबांना गावाने जे चिडवले, ते पुढच्या पिढ्यांना चिकटले. आपणही वर्गात हेच करत होतो. फक्त आपण ठेवलेली नावे (सरांची धरून) सरकारी कागदावर गेली नाहीत, हे सगळ्यांचेच नशीब.

आडनाव कागदावर पक्के होते ते अनेकदा शाळेत. भीमराव रामजी यांचे घराणे सकपाळांचे, मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातले आंबडवे. 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत त्यांचे नाव दाखल झाले, त्या रजिस्टरमध्ये आडनाव आहे आंबेडकर. पुढे 1950 मध्ये बाबासाहेबांनी आपल्या शहरात मिलिंद महाविद्यालय उभे केले आणि 14 जानेवारी 1994 ला मराठवाडा विद्यापीठाला त्यांचे नाव जोडले गेले. नामविस्ताराचे ते दिवस आपल्या शाळेच्या वयातलेच. शाळेच्या रजिस्टरमधली एक ओळ किती लांब जाऊ शकते, ते आपण पाहिले आहे.

जगात इतरत्रही असेच घडले आहे. माझ्या कामात हंगेरीचे आणि झेक सहकारी असतात. हंगेरीत आपल्या हजेरीपटासारखे आडनाव आधी लिहितात आणि नाव नंतर. आपल्या ‘कर’च्या जागी त्यांचा ‘ई’ आहे. सेगेद गावचा तो सेगेदी. कोवाच म्हणजे लोहार, आणि हा शब्द त्यांनी शेजारच्या स्लाव्ह भाषांतून घेतला. क्रोएशियाकडून आलेल्याला लोकांनी होर्वाथ म्हटले, जर्मनाला नेमेत. इथेही नाव ठेवणारे शेजारीच.

झेक भाषेत बाईचे आडनाव वेगळे चालते. नवरातिलच्या घरातली बाई नवरातिलोवा. विम्बल्डनमुळे मार्टिना आपल्याला ठाऊक आहे. ‘नवरातिल’चा अर्थ मात्र मला सहकाऱ्याकडून कळला: ‘परत आला’. गाव सोडून गेलेला कोणी परतला असेल आणि लोकांनी त्याचे तेच नाव ठेवले असेल.

आपल्याकडे बाईचे आडनाव लग्नानंतर बदलते, आणि या स्मरणिकेची यादी करताना खरी अडचण तिथेच आली. मुलगे हजेरीपटावरच्या नावाने सापडत गेले. मुली सापडेनात. कुणाचे आडनाव बदलले होते, कुणाचे नावसुद्धा. आडनाव बदलणे कायद्याने सक्तीचे नाही, तरी बँकेपासून रेशनकार्डापर्यंत सगळीकडे ते बदलून घेतले जाते आणि दहावीची गुणपत्रिका दुसऱ्याच कुणाची तरी वाटू लागते. सरकारने आता 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नावही लिहिण्याचा निर्णय केला आहे. त्यामुळे त्या मुलांच्या हजेरीपटावर त्यांच्या आया दिसतील. आपल्या हजेरीपटावर त्या कुठेच नव्हत्या.

म्हणून एक सुचवते. या स्मरणिकेत प्रत्येक मैत्रिणीचे शाळेतले पूर्ण नाव आधी छापावे आणि आजचे नाव त्याखाली. आज कोण कुठल्या नावाने राहते, हा जिचा तिचा प्रश्न; पण बाईंनी ज्या नावाने हाक मारली आणि जिने ‘हजर’ म्हटले, ते नाव निदान शाळेने जपावे. ज्या मैत्रिणी अजून सापडलेल्या नाहीत, त्यांना जुन्या नावाने ओळखणारे कोणी हे वाचत असेल, तर त्यांच्यापर्यंत निरोप पोहोचवा. पुढच्या मेळाव्याला त्याही परत येऊ देत.