नियार्कसचे आरमार आणि अरबी समुद्रातील देवमासे

थ्रेड : देवमासे पाहण्यासाठी आज लोक पैसे मोजून समुद्रात जातात. अरबी समुद्रातील अशा दर्शनाची एक अतिशय जुनी नोंद मात्र युद्धाच्या आरोळ्यांनी भरलेली आहे.

इ.स.पू. ३२५. सिकंदर गेद्रोसियाच्या, म्हणजे आजच्या बलुचिस्तानच्या, वाळवंटातून पश्चिमेकडे परतत होता. त्याच सुमारास सिंधूच्या मुखातून त्याचे आरमार इराणच्या आखाताकडे निघाले. त्याचा प्रमुख होता क्रीट बेटावर जन्मलेला नियार्कस. त्याचा मूळ वृत्तांत नष्ट झाला. परंतु इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात एरियनने 'इंडिका' लिहिताना तो मुक्तहस्ते वापरला, म्हणून ही हकीकत आपल्यापर्यंत पोहोचली.

मकरानच्या किनाऱ्यावरील किझा हे ठिकाण सोडल्यावर पहाटे खलाशांना दिसले, की समुद्रातून पाण्याचे स्तंभ उंच उसळत आहेत. हा काय प्रकार, असे त्यांनी वाटाड्यांना विचारले. हे देवमासे आहेत, समुद्रात हिंडताना ते असेच पाणी उडवतात, असे उत्तर मिळाले. ते ऐकून वल्हेकऱ्यांच्या हातांतून वल्हीच गळून पडली! आणि हे वल्हेकरी काही नवशिके नव्हते. फिनिशिया, सायप्रस, इजिप्त येथील समुद्रात मुरलेली माणसे त्यांत होती.

नियार्कस जहाजाजहाजांजवळून फिरला, लोकांना धीर दिला आणि शत्रूवर चाल करावी तशा नाळी देवमाशांकडे वळवायला सांगितल्या. जवळ जाताच सर्वांनी घसा फोडून आरोळ्या ठोकल्या, कर्णे फुंकले, वल्ह्यांनी पाणी झोडपले. देवमासे नाळीसमोर दिसत होते, ते खोल बुडाले आणि थोड्या वेळाने जहाजांच्या मागे वर येऊन पुन्हा फवारे उडवू लागले. खलाशांनी टाळ्या पिटल्या, नियार्कसच्या धैर्याचे गोडवे गायले.

हा विजय कोणावर होता, हा प्रश्नच आहे. देवमासा फवाऱ्याने पाणी फेकत नाही. तो श्वास सोडतो. बाष्पाने भरलेली ती हवा बाहेर पडताच दाट तुषारांसारखी दिसते. एका आरमाराने प्राण्यांच्या उच्छ्वासावर चाल केली होती.

माझ्या मते या प्रसंगातील खरा जाणकार नियार्कस नव्हे, तर ते वाटाडे. आरमाराने मोसर्ना येथे हायड्रॅकीस नावाचा गेद्रोसियन वाटाड्या सोबत घेतल्याचे एरियन सांगतो. या किनाऱ्यावरच्या लोकांना देवमासे नवे नव्हतेच. ओहोटीला उथळात अडकून मेलेल्या देवमाशांच्या बरगड्या ते घरांच्या तुळयांसाठी वापरत आणि जबड्याची हाडे दारांच्या चौकटींसाठी. देवमाशांची लांबी मात्र एरियन पंचवीस पुरुष सांगतो, म्हणजे सुमारे ४५ मीटर. सर्वांत मोठा निळा देवमासाही तीस मीटरच्या आसपासच भरतो. भीतीने मोजलेली मापे अशीच असतात.

देवमासे दाखवण्याचा व्यवसाय अगदी अलीकडचा. १९५५ मध्ये कॅलिफोर्नियातील सान डिएगो येथे एका मच्छीमाराने एक डॉलर घेऊन राखाडी देवमासे दाखवायला सुरुवात केली, तेव्हापासून तो सुरू झाल्याचे मानतात. आज मालवण-तारकर्लीला डॉल्फिन पाहायला जाणारी होडी त्याच परंपरेतली. आता शहाणा तांडेल इंजिन मंद करतो आणि प्रवाशांना गप्प बसवतो. नियार्कसच्या अगदी उलट.

पण अरबी समुद्रातील देवमाशांची अधिक नेमकी नोंद पाहणाऱ्यांनी नव्हे, तर मारणाऱ्यांनी ठेवली. सोव्हिएत जहाजांनी येथे बेकायदा शिकार करून २४२ कुबड देवमासे मारले, त्यांतले बहुतेक १९६६ च्या नोव्हेंबरात, ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या किनाऱ्यांलगत. जहाजांवरच्या जीवशास्त्रज्ञांनी मोजमापे घेतली. ती १९९७ मध्ये जगासमोर आली. माद्यांच्या पोटातील गर्भांच्या वाढीवरून दिसले, की त्यांचा विणीचा काळ दक्षिण गोलार्धातील कुबड देवमाशांशी जुळत नाही. म्हणजे हे अंटार्क्टिकाहून आलेले पाहुणे नव्हते, इथलेच रहिवासी होते. पुढे आनुवंशिक अभ्यासातून ही शाखा सुमारे ७०,००० वर्षे वेगळी राहिल्याचा अंदाज निघाला.

कुबड देवमासे दरवर्षी हजारो किलोमीटरचा प्रवास करतात, हे आपण शाळेत शिकतो. अरबी समुद्रातले तसा प्रवास करत नाहीत. मोसमी वाऱ्यांमुळे अरबस्तानच्या किनाऱ्यालगत तळाचे पोषक पाणी वर येते आणि त्यांना अन्न इथेच मिळते. शतकाच्या आरंभी ओमानलगत शेपटीच्या छायाचित्रांवरून केलेल्या गणनेत त्यांची संख्या ८२ च्या आसपास निघाली. त्यांतील अनेकांच्या शेपटीच्या देठावर मासेमारीच्या जाळ्यांचे व्रण होते.